समोरच्या भिंतीवरचा आरसा

३ फेब्रु. १९८५, रवि.
आई गेली त्याला तीन महिने. आप्पा आजही सातला गेटवर. मुलुंडला आलो तेव्हापासून सगळे म्हणतायत, सोसायटीचं गेट चुकीच्या जागी आहे. उजवीकडे लगेच वळण, शिवाय शेजारच्या बंगल्याची उंच भिंत. बाहेर पडणाऱ्याला रस्ता दिसत नाही, रस्त्यावरच्याला गेट. आई दूध आणायला निघाली आणि टेम्पो...
आप्पा रस्त्यात उभे राहून हात दाखवतात, मग स्कूटरवाले, शाळेची पोरं बाहेर पडतात. गिरणी सुटल्यापासून पहिल्यांदाच वेळेवर जेवतात.

७ फेब्रु.
सेक्रेटरी देसाईकाका जिन्यात. "वीणा, बरं दिसत नाही गं. म्हातारा माणूस रस्त्यात. उद्या त्यांनाच काही झालं तर?"
आप्पांना बघितलं की लोकांना आई आठवते. तेवढं बोलले नाहीत.

१६ फेब्रु.
आमच्या कंपनीत गोडाऊनच्या वळणावर फुगीर गोल आरसा आहे. पलीकडून ट्रक येतोय का ते दिसतं. स्टोअरच्या डिसोझांना विचारलं. जुना एक पडून आहे म्हणाले, साहेबांची सही आण.

२४ फेब्रु., रवि.
आरसा लागला. गेटसमोरच्या भिंतीवर. तिसऱ्या मजल्यावरचे कांबळे स्वतः शिडीवर चढले. मी गेटमध्ये उभी राहून सांगत होते, थोडा खाली, थोडा तिरका. अख्खं वळण दिसायला लागलं. सगळे खूश.
आप्पा बराच वेळ बघत होते. "गाडी ल्हान दिसता गो. लांब वाटता."
म्हटलं, सवय होईल. तुम्ही आता घरी बसा.
बसले.

६ मार्च
आप्पा दिवसभर खिडकीत. दाढी नाही. दुपारचं ताट तसंच.

१९ मार्च
सकाळी कांबळे. स्कूटर, ट्रक. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. जीव वाचला.
ऑफिसला गेले नाही.

२२ मार्च
हॉस्पिटलात गेले. कांबळे म्हणाले, "तुझा दोष नाही गं. आरशात ट्रक बघितला होता मी. लांब वाटला. म्हटलं, निघून जाईन."
कांबळेवहिनी पलंगापलीकडे उभ्या. माझ्याकडे बघितलं नाही.
आप्पांनी मला एक शब्द ऐकवला नाही. ऐकवायला हवा होता.

२४ मार्च
आप्पा परत गेटवर. कोणी हरकत घेत नाही. देसाईकाकाच विचारतात, "आप्पा, जाऊ का?"

२ एप्रिल
हाफ डे. गेटशी आप्पा. मी दहा पावलांवरून हात केला. बघतच राहिले. हाक मारल्यावर वळले.
"दिसले नाही मी?"
"उन्हाचा दिसूक नाय."
घरात आल्यावर परत विचारलं. मग म्हणाले, "डाव्या डोळ्यान नुसती सावली. उजव्यान धुक्यासारखा. म्हयन्याभरात वाढला."
"मग गाड्या कशा सोडता?"
"गाडयेचो आवाज येता ना माका."

५ एप्रिल
मोतीबिंदू. दोन्ही. डॉक्टर म्हणतात, अजून पिकायचाय, ऑपरेशनला थांबा.
आप्पा म्हणाले, कोणाक सांगू नको.

७ एप्रिल, रवि.
देसाईकाका दारात. आरसा काढायचं ठरलंय. कांबळेवहिनींचा आग्रह, लोकांचाही विश्वास उडालाय. "आप्पा आहेतच."
हो म्हटलं. का म्हटलं?

८ एप्रिल
सातला आप्पा चपला घालत होते. मला म्हणाले, "येतंस?"
गेले. मी वळणापाशी उभी, मोकळं झालं की "हां" म्हणायचे, मग ते हात दाखवायचे. नऊ स्कूटर, दोन गाड्या सोडल्या.
पावणेआठला मला ऑफिसला निघावं लागलं, आप्पा गेटवरच. शाळेची पोरं आठला निघतात.