लाल चौकोन

गोंडपिपरी
२१ फेब्रुवारी २०२६

चि. माधवीस,
सप्रेम जय भीम.

घुग्घुसला तुझ्या माहेरी सगळे बरे असतील. इथे ठीक आहे. अंगणातल्या शेवग्याला शेंगा लागल्या आहेत. तुझ्या सासूबाईंचा गुडघा दुखतो, पण चालतात. आपल्या अश्वजितचा, एक्स-रे काढताना घालायचा शिशाचा अ‍ॅप्रन त्यांनी अजून खुंटीवरून काढू दिलेला नाही.

पत्राचं कारण असं, की परवा एटापल्लीकडच्या दोन बाया आल्या होत्या. एक रीना, गावातली आशा वर्कर. दुसरी बुधरी. स्टँडवर त्यांनी "मशीनवाल्या भाऊचं घर कुठी?" एवढंच विचारलं आणि पानठेलेवाल्याने थेट दारात आणून सोडलं. शाळेच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं काढली. माझं घर असं कोणी दाखवलं नव्हतं.

बुधरीने पळसाच्या पानात चारोळी बांधून आणली होती. रीनाने जे सांगितलं ते तुला ठाऊक असेल. मला नव्हतं. अश्वजित घरी कामाचं बोलायचा कुठे?

मागच्या एप्रिलात तो हातात धरायचं एक्स-रे मशीन घेऊन त्यांच्या गावी गेला. तपासणी आहे म्हणून बाया मुद्दाम नदीवर आंघोळ करून, ओल्या केसांच्या जाड वेण्या खांद्यावरून पुढे घेऊन आल्या. मशीनसोबतच्या एआयने सात जणींच्या छातीवर टीबीचा लाल चौकोन काढला. गावात रडारड सुरू झाली. एकीचं तर लग्न ठरलेलं. सोबतचे साहेब म्हणाले, संगणकाने सांगितलं, लिहून टाक. अश्वजितने सातही फोटो एकाशेजारी एक लावून पाहिले. ज्या खांद्यावर वेणी, त्याच बाजूला चौकोन.

"साहेब, मशीनले केस दिसते, बाई नाई दिसत," तो म्हणाला. सगळ्यांना केस डोक्यावर बांधायला लावले आणि पुन्हा फोटो काढले. सहा जणींचे चौकोन गेले. बुधरीचा राहिला. तिला थुंकीच्या तपासणीसाठी तो स्वतः घेऊन गेला. टीबीच निघाला.

"सहा महिने गोळ्या होत्या," रीना म्हणाली. "भाऊ दर आठवड्याले फोन करे, गोळी घेतली का म्हणून. ऑगस्टात फोन बंद झाला, तवा समजलं आमाले."

बुधरी आता चांगली भरली आहे. घरात बसली तरी केस डोक्यावरच बांधलेले. रीना तिला चिडवत होती, "आता तरी सोड वं, चौकोन गेला तुया!" तुझ्या सासूबाई हसल्या. ऑगस्टनंतर पहिल्यांदाच.

मग बुधरीने विचारलं, "आता मशीन घेऊन कोन येते?"

रीना म्हणाली, "कोनी नाई. मशीनची पेटी तवापासून बंद हाये."

मी खाली पाहिलं. उत्तर माझ्या कपाटात होतं. अश्वजितच्या जागी तुझी नेमणूक झाल्याचं पत्र तीन तारखेलाच या पत्त्यावर आलं. तुझा डिप्लोमा तोच आहे. अठ्ठावीस तारखेच्या आत हजर व्हायचं आहे. मी ते पत्र उघडलं, वाचलं आणि त्याच्या प्रमाणपत्रांखाली ठेवून दिलं. ज्या नाल्याच्या पुरात तो गेला, त्याच नाल्यावरून तुलाही जाऊ देण्याची माझी छाती झाली नाही. पण ते ठरवणारा मी कोण?

आणखी एक आहे. त्याच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीला जमलेल्या सगळ्यांसमोर मी तुला म्हणालो, "तू त्याले थांबवाले पायजे होतं." तू माहेरी निघून गेलीस. त्या सकाळी तू त्याला थांबवतच होतीस. नाल्याला पाणी असेल, उद्या जा, असं म्हणत होतीस. "लोक वाट पाहून राह्यले, जाय," हे मी म्हणालो होतो. तू हे आजवर कोणालाच सांगितलं नाहीस. परवा रात्री मी तुझ्या सासूबाईंना सांगितलं.

सकाळी त्यांनी अ‍ॅप्रन काढून ओल्या फडक्याने पुसला आणि माधवीच्या मापाचा होईल का, म्हणून विचारलं.

नेमणुकीचं पत्र सोबत जोडलं आहे. माझ्या भीतीने नाही म्हणू नकोस आणि माझ्या पश्चात्तापासाठी हो म्हणू नकोस. मोठं काम आहे, माधवी. ते किती मोठं आहे हे मला बुधरीकडून कळलं, याची लाज वाटते. आणि मुलाचा अभिमानही तेवढाच वाटतो.

बुधरीला मी, "येईल कोणीतरी," एवढंच सांगितलं. नाव सांगितलं नाही. ते तुझं तू सांग.

तुझा अपराधी,
आणि मशीनवाल्या भाऊचा बाप,
गुणवंत मामाजी