आवाज बंद करून पाहिलेली पाठवणी

पोशीर, मंगळवार संध्याकाळ

सिनेमातलं संगीत शिकवणारे सर म्हणाले होते, एखादा प्रसंग आवाज बंद करून बघा. मी ताईच्या लग्नाचा व्हिडिओ लावला. पाठवणीवर व्हिडिओवाल्याने सनई आणि रडकं गाणं टाकलंय. ते ऐकत, आईला रडताना बघत आम्ही दरवेळी रडतो.

आज आवाज नव्हता, तर आईचा हात दिसला. पोटावर घट्ट दाबलेला. ताईला जवळ घेतानाही तो हात पोटावरच. म्हणजे तेव्हाच दुखत होतं? त्याच दुखण्यात पुढे आई गेली, आणि मी इतक्यांदा बघून काय बघितलं?

बाबा मागे उभे होते.

"गाणं लाव गं. त्याच्याबिगर मला बघवत नाय."

म्हणजे गाण्याआड लपणारा तो हात त्यांना आधीपासून ठाऊक होता.

मी आवाज वाढवला.