पाठकोरे कागद

बाई, तुमच्या आईचे कागद मी रद्दीत जाऊ दिले नाहीत. हे आधी सांगते, बाकीचं सावकाश.

तुम्ही गेलात आणि तुमच्या इच्छेप्रमाणे कागदांची खोकी माझ्याकडे, तुमच्या शेवटच्या विद्यार्थिनीकडे आली. मी ती विद्यापीठाच्या आर्काइव्हमध्ये नेली. तिथले गृहस्थ पानं चाळत म्हणाले, "बरं, प्रयोगांचं तेवढं ठेवू. हे एस्टोनियन भाषेतलं घरगुती आल्टपापियरमध्ये टाका." म्हणजे रद्दीच्या डब्यात. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "टाका की! पण आधी उलटून बघा." एका बाजूला आईच्या अक्षरात राय धान्याच्या काळ्या पावाची कृती, दुसऱ्या बाजूला तुमच्या स्फटिकांची मोजमापं. युद्धात तुम्हाला कडेवर घेऊन बोटीने जर्मनीत आलेल्या त्या माउलीने कागदाचा चिटोराही कधी टाकला नाही, आणि तुम्ही अख्खी पीएचडी तिच्या कागदांच्या पाठीवर केलीत.

रेगेन्सबर्गचं तुमचं स्वयंपाकघर आठवतं. मी नवी आहे, गणित चुकलं म्हणून कागद चुरगाळून टाकते. तुम्ही तो डब्यातून काढता, तळहाताने सपाट करता आणि खेकसता, "मागच्या बाजूने काय पाप केलंय?" मला हसूच येतं. पुण्यात बाबा पाठकोरे कागद शिवून आम्हाला कच्च्या वह्या करून द्यायचे आणि मला वर्गात त्या काढायची लाज वाटायची. हे सांगितल्यावर तुम्ही काळ्या पावाचा जाड तुकडा लोणी लावून माझ्यापुढे सरकवलात. "खा. तू आमच्यातलीच."

तर ते गृहस्थ म्हणाले, "विज्ञानाची बाजू स्कॅन करून सीडीवर घेऊ. मग कागद कशाला हवेत?" मी खोकी उचलून घरी आणली. आईला वगळून लेक मिळायची नाही, असं तोंडावर सांगितलं. भांडकुदळ म्हणोत, नाहीतर आणखी काही. हिवाळाभर खोकी माझ्या पलंगाखाली होती आणि मी एक पाऊल मागे घेतलं नाही. शेवटी त्यांचाच फोन आला, "हो, हो, तुम्ही म्हणाल तसं." आता आर्काइव्हमधल्या खोक्यांवर दोघींची नावं आहेत. आधी आईचं. शेजारी उभं राहून लिहून घेतलं.

फक्त एक कागद मी दिला नाही. त्यावर तुम्ही वाचून दाखवायचात ती पावाची कृती आहे. मला त्यातलं एक अक्षरही कळत नाही, पण तुमची फार आठवण आली की काढून बघते. सगळ्या खोक्यांत तेवढाच एक पाठकोरा राहिला होता. हे त्याच्याच पाठीवर लिहिलंय, बाई.