मुलीला खाण्याच्या धमकीच्या नोंदीशेजारी ती नोंद रद्द झाल्याचेही दिसावे

प्रति,
मा. निर्णय-नोंद अधिकारी,
समाजमाध्यम तक्रार निवारण कार्यालय,
दुसरा मजला (लिफ्ट बंद).

विषय : पोटच्या मुलीला खाण्याच्या धमकीची ब्लॉकचेनवर कायम झालेली नोंद दुरुस्त दिसण्याबाबत.
संदर्भ : आपले 'खोडता येत नाही' हे एका ओळीचे उत्तर.

महोदय,

खाली सही करणारी मी चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासते. सध्या बाळंतपणाच्या रजेवर आहे. येत्या सोमवारी कामावर हजर व्हायचे आहे.

१. मुलीला टोपडे घालताना मी "खाऊ का तुला? कच्ची खाऊ? आधी गाल, मग पोट" असे म्हणाले. नवऱ्याने त्याचा व्हिडिओ कौतुकाने टाकला. ॲपने तो 'बालकास इजा करण्याची धमकी' म्हणून काढला. व्हिडिओत बालक खिदळते आहे, याची दखल घेतलेली दिसत नाही.

२. मी अपील केले. ते मान्य झाले, चूकही कबूल झाली. पण तोवर पहिला निर्णय ब्लॉकचेनवर, म्हणजे कोणालाही खोडता न येणाऱ्या जाहीर वहीत, चढला होता. कंपनीने गुपचूप निर्णय फिरवू नयेत, कोणाचे काय व का काढले ते कोणालाही पडताळता यावे, यासाठी ही सोय आहे आणि ती मला पसंत आहे. मात्र अपिलाची नोंद भलत्याच कप्प्यात गेली. माझे खाते शोधले की आधीचीच नोंद येते आणि शेजारी हिरवी खूण : 'पडताळले'. नोंदीत कोणी फेरफार केलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. लोकांना वाटते, बाई खरेच खाते हे कोणीतरी घरी जाऊन तपासले.

३. पाळणाघराच्या बाई प्रत्येक पालकाचे या नोंदींचे पान बघतात. माझे बघून म्हणाल्या, "ताई, तुम्ही तशा वाटत नाही. पण हिरवी खूण आहे हो." मी विचारले, "तुम्ही तुमच्या लेकराला कधी असं म्हणाला नाहीत?" त्या म्हणाल्या, "म्हणाले की. पण माझी नोंद कुठाय?" सोमवारपर्यंत पान सुधारले नाही तर मुलीची जागा दुसऱ्या बाळाला जाईल आणि दुकानातली माझी खुर्ची दुसऱ्या बाईला.

४. आपल्या लिपिकांनी 'पीडिताचे लेखी म्हणणे' जोडायला सांगितले. पीडित अजून रांगते. कोरा नमुना तिच्यापुढे ठेवला, तो तिने खाल्ला. या घरात जे खाणे घडले ते एवढेच. सासूबाईंचे म्हणणे मात्र मिळाले : "मग मलाही धरा. मी ह्याला रोज मीठ लावून खात होते, तरी मेला एवढा उरलाय." 'ह्याला' म्हणजे माझ्या नवऱ्याला. तो हजर होता. हरकत घेतली नाही.

५. नोंद खोडा, असे मी म्हणत नाही. आज माझ्यासाठी खोडाल, उद्या कोणा बड्यासाठी खोडाल. रद्द झाल्याची नोंद पहिलीला जोडावी, दोन्ही एकाच पानावर याव्यात आणि हिरव्या खुणेखाली 'नोंद खरी, निर्णय चुकीचा' एवढे लिहावे. माझ्या दुकानात चुकीच्या नंबरचा चष्मा गेला तर 'काच अस्सल आहे' असे सांगून गिऱ्हाईक परत पाठवत नाहीत.

६. सोमवारी सकाळी मी मुलीला घेऊन आपल्याकडे येईन. पान सुधारलेले असेल तर तशीच पाळणाघराकडे वळेन. नसेल तर दुकान सुटेपर्यंत ती आपल्या टेबलावर राहील. दुपटी, बाटली, खुळखुळा मी देईन. तिला पाहून भल्याभल्यांच्या तोंडून काय निघते, ते आपल्याला कळेलच. नवरा मोबाईल घेऊन शेजारी उभा असेल.

आपली, सोमवारपर्यंत नम्र,
(सही)
अर्जदार आई

दिनांक : चौथ्या बैठकीत अर्ज पुरा झाला तो बुधवार. (मुलगी उठली आहे.)

सोबत :
१. मूळ व्हिडिओ, खिदळण्यासह.
२. अपील मान्य झाल्याचे पत्र.
३. 'पीडिताचे म्हणणे' : उरलेला कोपरा.