ताम्हणातले रोलर

मलकापूर, गुरुवार, दिवेलागण

माझ्या संध्येच्या ताम्हणात आज इंजिन ऑइल निघाले. कॅमशाफ्टवर, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, फिरणारे आठ रोलर त्यात सुखाने भिजत होते. या पापाला प्रायश्चित्त कोणते, हे एकाही स्मृतीत सांगितलेले नाही. पापी म्हणजे माझा मेहुणा शंकर, लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला. माझ्याच पडवीत तो त्याच्या जुन्या जीपच्या इंजिनाला टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा, बसवतो आहे.

दुपारी दोन कॅमशाफ्ट पुढ्यात ठेवून त्याने माझी शिकवणी घेतली. "दाजी, टर्बोला नरम कॅम बरा. कडक घातला की दोन्ही व्हॉल्व्ह एकदम लय वेळ उघडं ऱ्हात्यात. दाबून भरलेली हवा सायलेन्सरातनं पळून जाती."

आणि संध्याकाळी बसवायला घेतला तो कडकच.

"अरे, स्वतःचेच वचन मोडतोस?" मी त्याच्या समोर बसून विचारले.

"आसू द्या. ह्यो उभ्या गाडीतबी धडधडतो. इंजिन चालू हाय का बंद, हाताला कळतंय."

हाताला का? पूर्वी हाच शंकर अंगणात चहा पीत, नुसत्या कानाने, कुठला व्हॉल्व्ह सैल आहे ते सांगायचा.

ताम्हण दिसल्यावर मी मागून त्याला तीन हाका मारल्या होत्या. तो वळला नाही, म्हणून निगरगट्ट म्हणालो.

पुढच्या आठवड्यात तो जीप घेऊन महाबळेश्वरचा घाट चढणार आहे. धुक्यात समोरच्या गाडीचा हॉर्न हाताला कळत नाही.

ताम्हण राहू दे त्याच्याकडे. शंकरला ऐकू येईनासे झाले आहे, आणि हे त्याला सांगायची मला भीती वाटते.