सावलीचं कोडं

तीर्थरूप बाबा,
तुमच्या नवशिक्या वायरमन लेकीचा नमस्कार.

मी राहते त्या गाडीच्या छपरावर सोलर पॅनल बसवलं, पण दोन दिवस बॅटरी चार्जच होईना. फ्रिज बंद पडला, उन्हाने तापून माझं इन्सुलिन वाया गेलं. आता नवं आणलंय. आईला सांगू नका.

तुम्ही म्हणायचात, “वीज हरवत नाही, जोडावर अडते.” मग मीटर लावून एकेक जोड तपासला. फ्यूजपाशी स्क्रू सैल होता! आवळताच आकडा चढू लागला. फ्रिज गारेगार आहे.

पण पॅनलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली, तर वीज निम्म्याने का घटते?

तुमच्या हाताची थरथर थांबली का? नसली तरी या. पक्कड मी धरीन, तुम्ही फक्त सांगा.

तुमची,
छपरावर चढलेली लेक