डॉक्टरांना न सांगितलेलं औषध

प्रिय ताई,

काल तू भाऊजींच्या कानाशी फोन धरलास. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. "कसं काय, भाऊजी?" एवढंच म्हणून मी फोन ठेवून दिला, पळ काढला म्हण हवं तर.

त्यांना गप्प बसवणं कुणाच्या बापाला जमत नव्हतं. रंगारी माणूस, भिंत रंगवताना भिंतीशी गप्पा मारायचा. शिडीवरून पडून डोक्याला एवढा मार लागला, पण शुद्धीवर आल्यावर नर्सला पहिला प्रश्न काय, तर "हा पिवळा कुणी निवडला?" किती हसलो होतो आपण!

त्याच आठवड्यात मी ती कॅप्सूलची डबी आणली. वीस वर्षं औषधांच्या दुकानात उभा आहे, चार ओळी वाचलेल्या. मार बसल्यावर मेंदूतल्या पेशींची आतल्या आत नासधूस होत राहते, अँटिऑक्सिडंट ती थोपवतात, वगैरे. प्रयोग उंदरांवरचे होते, ते मी तुला सांगितलं नाही. "जीवनसत्त्वच तर आहे, अपाय कसला?" म्हणालो आणि ई जीवनसत्त्वाचा जबर डोस सुरू केला. तू बिचारी घड्याळ लावून देत राहिलीस.

पुढे त्यांच्या पायात गुठळी झाली, रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरचं आणखी काही देता का?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणालो, "नाही." ताई, जास्त ई जीवनसत्त्वानेही रक्त पातळ होतं, या दोन्ही गोष्टी एकत्र घ्यायच्या नसतात हे मला माहीत होतं. गिऱ्हाइकांना मीच बजावतो. पण न विचारता दिलं हे कबूल करायची लाज वाटली. उद्या बंद करू, उद्या करू, असं म्हणत राहून गेलं.

महिन्याभराने ते न्हाणीघरात कोसळले. मेंदूत रक्तस्राव. जीव वाचला, बोलणं गेलं. त्या धावपळीत तुझ्या पिशवीतली डबी मी गुपचूप काढून घेतली.

परवा बायकोकडून कळलं, तू अजून स्वतःलाच दोष देतेस. टॉवेल आणायला गेले नसते तर, म्हणून रडतेस. म्हणून हे लिहितोय. आज सकाळी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून आलो. त्या म्हणाल्या, छातीठोक सांगता येणार नाही, पण कॅप्सूलचा हातभार असू शकतो. आणि रक्तस्राव आधी झाला असणार, म्हणून ते पडले. तू तिथे उभी असतीस तरी तेच झालं असतं. माझ्याशी बोलू नकोस, दार लावून घे, पण त्या दोन मिनिटांसाठी आता रडू नकोस.

तुझाच,
धाकटा